ग्लुकोज तोडायचा रस्ता आणि बांधायचा रस्ता: सात पायऱ्या सारख्या, तीन वेगळ्या

प्रश्न असा आहे: ग्लायकोलिसिसमध्ये ग्लुकोज तुटून पायरुवेट होतं, ग्लुकोनिओजेनेसिसमध्ये पायरुवेटपासून परत ग्लुकोज होतं, मग दुसरं म्हणजे पहिलंच उलटं चालवलेलं ना? आणि दोन्हीची एन्झाइम्स एकाच पेशीत असतील तर इकडे तोड, तिकडे बांध असं करत पेशी फुकटच एटीपी, म्हणजे तिचं ऊर्जेचं चलन, जाळत बसणार नाही का? शेपटाला दोन छोटे प्रश्न पण आहेत, चरबीची साखर होते का आणि एका ग्लुकोजमागे एटीपी नेमके किती, ३८, ३६, ३२ की ३०.

मी बरीच वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवतोय आणि सोबत लॅबही बघतोय, आणि खरं सांगू का, या विषयात लोक अडकतात ते पायऱ्या पाठ नाहीत म्हणून नाही, पायऱ्या तर पाठ असतात सगळ्यांच्या. अडकतात कारण पुस्तकात दोन्ही रस्ते शेजारी शेजारी काढलेले असतात, एकाचे बाण खाली, एकाचे वर, आणि डोळ्याला ते एकच दिसतं. तर आधी तेच सोडवू, छोट्या प्रश्नांकडे नंतर येतो.

ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्या आहेत. त्यातल्या सात पायऱ्या दोन्ही दिशांना आरामात चालतात, म्हणजे एन्झाइम तेच, माल कुठल्या बाजूला जास्त साठलाय त्यावर दिशा ठरते. उरलेल्या तीन मात्र तशा नाहीत. पहिली हेक्सोकायनेजची, ज्यात ग्लुकोजला फॉस्फेट लागतं, तिसरी फॉस्फोफ्रुक्टोकायनेजची, जिला सगळे पीएफके म्हणतात, आणि शेवटची पायरुवेट कायनेजची. तांबड्या रक्तपेशीत प्रत्यक्ष असलेल्या कॉन्सन्ट्रेशन्सवर हिशोब केला तर या तीन पायऱ्यांना मोलमागे साधारण ३३, २२ आणि १७ किलोजूल इतकी मोकळी ऊर्जा खाली पडते, आणि बाकीच्या सात पायऱ्या जवळपास शून्याच्या आसपास असतात. उतारावरून गडगडत खाली आलेला दगड आपोआप वर जात नाही, त्याला वर न्यायचं तर वेगळी वाट काढावी लागते आणि वेगळी ताकद लावावी लागते, तसंच हे.

आता ती वेगळी वाट कशी आहे ते बघा, कारण खरी मजा इथे आहे. वरच्या दोन पायऱ्यांवर पेशी एटीपी परत मिळवायचा प्रयत्नच करत नाही. फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेटवरचं एक फॉस्फेट नुसतं पाण्याने तोडून टाकते, ते काम एफबीपेज करतं, आणि ग्लुकोज-६-फॉस्फेटवरचं फॉस्फेट ग्लुकोज-६-फॉस्फेटेज काढतं. म्हणजे जाताना एटीपी दिला, येताना तो परत मिळाला नाही, नुसतं फॉस्फेट सुटलं, आणि म्हणूनच ही उलटी पायरीसुद्धा खालच्याच दिशेने जाते. दोन्ही दिशांना उतार! हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं मेटाबॉलिझम कळलं समजा.

खालची पायरी मात्र कटकटीची. पायरुवेटपासून सरळ त्याच्या आधीचा रेणू, फॉस्फोइनॉलपायरुवेट, करता येत नाही, म्हणून पेशी लांबचा वळसा घेते. पायरुवेट मायटोकॉन्ड्रियात जातं, तिथे पायरुवेट कार्बोक्सिलेज नावाचं बायोटिनवालं एन्झाइम एक एटीपी खर्चून त्याला कार्बन डायऑक्साइड जोडतं आणि ऑक्झॅलोअॅसिटेट होतं, मग तोच कार्बन डायऑक्साइड पुढच्या पायरीत काढून टाकला जातो आणि एक जीटीपी, एटीपीचाच भाऊ, जातो. जोडायचा कशाला आणि काढायचा कशाला असं वाटतं ना? तो कार्बन निघून जाताना रिअॅक्शनला पुढे ढकलतो, जोडण्याचं काम तेवढ्यासाठीच. अजून एक भानगड म्हणजे ऑक्झॅलोअॅसिटेटला मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यातून बाहेर यायला वाट नाही, मग त्याचं मॅलेट करून बाहेर आणतात आणि बाहेर परत ऑक्झॅलोअॅसिटेट करतात. पुस्तकं हे एका ओळीत उरकतात पण त्यात एक हुशारी आहे, मॅलेटसोबत एनएडीएच या हायड्रोजन वाहणाऱ्या रेणूचा हायड्रोजनही बाहेर येतो, आणि पुढे वर चढताना मधल्या एका पायरीला नेमका सायटोसोलमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाबाहेरच्या पेशीरसात, एनएडीएच लागतोच. माल आणि त्याला लागणारं इंधन एकाच खेपेत बाहेर.

हिशोब केला तर दोन पायरुवेटपासून एक ग्लुकोज बांधायला चार एटीपी आणि दोन जीटीपी लागतात, म्हणजे सहा, वर दोन एनएडीएच. तोडताना मिळाले होते निव्वळ दोन. एकदा तोडून परत बांधलं की चारचा खड्डा पडतो. त्यामुळे तुमची शंका अगदी रास्त आहे, दोन्ही एकदम सुरू राहिले तर पेशीचं दिवाळं निघेल.

मग ते होत का नाही? कारण कंट्रोल जो आहे तो नेमका त्या तीन वेगळ्या पायऱ्यांवरच बसवलाय. सात सारख्या पायऱ्यांवर कंट्रोल बसवून काही उपयोगच नव्हता, तिथे एन्झाइम दाबलं तर दोन्ही दिशा एकदम दबल्या असत्या. वेगळी एन्झाइम्स असली तरच एकाला दाबून दुसऱ्याला मोकळं सोडता येतं. माझ्या मते या सगळ्या विषयातला कळीचा मुद्दा हाच आहे, आणि परीक्षेत नेमका हाच कोणी विचारत नाही, विचारतात ती एन्झाइम्सची नावं.

पीएफकेचंच बघा. एटीपी हा त्याचा कच्चा माल आहे, पण एटीपी जास्त झाला की तोच त्याला दाबतो, कारण एन्झाइमवर एटीपीसाठी दोन जागा आहेत, एक कामाची आणि एक नुसती माहिती घेण्याची. सिट्रेट, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात पुढचं जाळणं चालू असताना होणारा रेणू, साठलं तरी दबतं. एएमपी, म्हणजे दोन फॉस्फेट गेलेला एटीपी, वाढला की मोकळं होतं. इथे विद्यार्थी हमखास विचारतात की एडीपी, म्हणजे एकच फॉस्फेट गेलेला एटीपी, सोडून एएमपीच का. कारण असं, पेशीत एटीपी खूप असतो आणि एएमपी अगदी नगण्य, आणि अॅडेनिलेट कायनेज नावाचं एन्झाइम दोन एडीपीपासून एक एटीपी आणि एक एएमपी करत असतं. त्यामुळे एटीपी थोडासा, अगदी दहाएक टक्के जरी खाली आला तरी एएमपी कित्येक पटींनी वर जातो. एटीपीतली दहा टक्क्यांची घट ओळखणं एन्झाइमला अवघड आहे, एएमपीतली कित्येक पटींची वाढ ओळखणं सोपं. आणि हाच एएमपी एफबीपेजला दाबतो. एकच रेणू एका हाताने तोडणं सोडतो आणि दुसऱ्या हाताने बांधणं अडवतो.

पण हे झालं पेशीच्या स्वतःच्या गरजेपुरतं. लिव्हरला तर अख्ख्या शरीराचं बघायचं असतं, तिच्या स्वतःकडे एटीपी भरपूर असला तरी शरीर उपाशी असेल तर तिला साखर बांधावी लागते. त्यासाठी एक वेगळाच रेणू आहे, फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट. हा १९८० मध्ये सापडला, म्हणजे ग्लायकोलिसिसचा नकाशा पूर्ण होऊन चाळीस वर्षं झाल्यावर. हा रस्त्यातला रेणू नाही, त्याचं पुढे पायरुवेट होत नाही की ग्लुकोज होत नाही, नुसता निरोप आहे. असला की पीएफके जोरात आणि एफबीपेज बंद, नसला की उलट. आणि तो बनवणारं आणि मोडणारं एन्झाइम एकच प्रोटीन आहे, एका टोकाला कायनेज आणि दुसऱ्या टोकाला फॉस्फेटेज. उपाशीपोटी ग्लुकागॉन हा हॉर्मोन येतो, लिव्हरच्या पेशीत सायक्लिक एएमपी हा इशाऱ्याचा रेणू वाढतो, त्या प्रोटीनला फॉस्फेट चिकटतं आणि त्याचं मोडणारं टोक जागं होतं, निरोप पुसला जातो, तोडणं थांबतं आणि बांधणं सुरू. जेवणानंतर इन्सुलिन आला की फॉस्फेट निघतं आणि सगळं उलटं. हृदयाच्या स्नायूत याच प्रोटीनचा जो प्रकार आहे तो फॉस्फेट लागल्यावर बनवणारं टोक जागं करतो, म्हणजे अॅड्रेनलिनने हृदयात साखर तोडणं वाढतं. तसंच पाहिजे ना, पळायच्या वेळी हृदयाने साखर बांधत बसून कसं चालेल.

आता थोडं प्रामाणिक राहून सांगायचं तर दोन्ही दिशा शंभर टक्के बंद-चालू होत नाहीत, थोडं इकडेतिकडे सुरूच असतं. पूर्वी याला फ्यूटाइल सायकल म्हणजे फुकटचं चक्र म्हणायचे, आता बरेच जण सबस्ट्रेट सायकल म्हणतात, कारण ते अगदीच फुकट नाही. समजा तोडण्याचा वेग १०० आणि बांधण्याचा ९० आहे, निव्वळ १०. आता तोडणं नुसतं दहाने वाढलं आणि बांधणं दहाने कमी झालं तर निव्वळ ३० होतात, तिप्पट! छोट्या इशाऱ्यावर मोठा बदल हवा असेल तर थोडा एटीपी जाळून हे विकत घेतलं जातं.

पहिल्या पायरीबद्दल पण एक सांगायला हवं. हेक्सोकायनेज स्नायूत आणि मेंदूत असतं, त्याला ग्लुकोजची प्रचंड ओढ, अगदी थोडी साखर असली तरी ते पूर्ण वेगाने चालतं आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट साठलं की थांबतं. लिव्हरमध्ये त्याचाच भाऊ ग्लुकोकायनेज आहे, त्याला निम्म्या वेगाला यायलाच ८ ते १० मिलिमोलर ग्लुकोज लागतो, आणि रक्तात एरवी असतो साधारण ५. म्हणजे लिव्हर आधी सगळ्यांना खाऊ देते आणि जेवणानंतर साखर वर गेली की मगच हात घालते. आणि शेवटचं एन्झाइम, ग्लुकोज-६-फॉस्फेटेज, ते लिव्हर आणि किडनीत आहे, स्नायूत नाही. स्नायूत जवळपास ४०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, आणि लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम, तरी रक्तातली साखर सांभाळते लिव्हर, कारण स्नायूतल्या साखरेवरचं फॉस्फेट निघतच नाही आणि फॉस्फेट लावलेली साखर पेशीच्या बाहेर पडू शकत नाही. ज्या मुलांमध्ये जन्मतःच हे एन्झाइम नसतं, फॉन गीर्के आजार म्हणतात त्याला, त्यांची लिव्हर ग्लायकोजेनने भरून मोठी झालेली असते आणि तरी काही तास उपाशी राहिलं की रक्तातली साखर धोकादायक खाली जाते. कोठार भरलेलं, दाराला कुलूप.

फॉस्फेट लागलं की साखर आत अडकते यावरच पीईटी स्कॅन चालतो बरं का. ग्लुकोजसारखाच दिसणारा फ्लोरिनवाला रेणू देतात, हेक्सोकायनेज त्याला फॉस्फेट लावतं, पण पुढच्या पायरीला तो बसत नाही, मग तो तिथेच साठतो आणि जास्त साखर खाणारी पेशी, उदाहरणार्थ बऱ्याच गाठींमधली, चमकून दिसते.

ग्लायकोजेनचा विषय निघालाच आहे तर तोडण्याचा आणि बांधण्याचा रस्ता वेगळा असतो याचा सगळ्यात भारी पुरावा तिथलाच आहे. ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजच्या फांद्याफांद्यांची माळ, दर ८ ते १२ ग्लुकोजनंतर एक फांदी. साखर सुटी का ठेवत नाहीत? कारण लिव्हरच्या पेशीतलं सगळं ग्लायकोजेन सुटं केलं तर ग्लुकोज ०.४ मोलर भरेल आणि ऑस्मोसिसने पाणी ओढून पेशी फुटेल. माळ तोडणारं एन्झाइम म्हणजे ग्लायकोजेन फॉस्फोरिलेज, कार्ल आणि गर्टी कोरी या जोडप्याचं काम, १९४७ चं नोबेल. परीक्षानळीत हे एन्झाइम उलटंही चालतं, ग्लुकोज-१-फॉस्फेट भरपूर घातलं की माळ बांधून दाखवतं, आणि त्यामुळे बरीच वर्षं लोकांना वाटत होतं की पेशीतही बांधणं असंच होत असणार. म्हणजे तुम्ही जो प्रश्न विचारलाय तोच घोळ, आणि तो त्या काळच्या मोठमोठ्या लॅब्समध्येही होता.

मग १९५१ मध्ये ब्रायन मॅकआर्डल या ब्रिटिश डॉक्टरने एक पेशंट वर्णन केला, ज्याला थोडाही व्यायाम केला की स्नायू दुखायचे, आखडायचे, आणि व्यायामानंतर रक्तातलं लॅक्टेट जे वाढायला हवं ते वाढतच नव्हतं. १९५९ मध्ये कळलं की या आजारात स्नायूमध्ये फॉस्फोरिलेजच नसतं. आता विचार करा, फॉस्फोरिलेज जर बांधतही असतं तर या लोकांच्या स्नायूत ग्लायकोजेन असायलाच नको. प्रत्यक्षात नेहमीपेक्षा जास्त होतं! बांधणारं कोणीतरी दुसरंच आहे हे एका आजाराने दाखवून दिलं. तोपर्यंत अर्जेंटिनात लुईस लेलुआर यांच्या लॅबने तो दुसरा रस्ता शोधलाही होता, ग्लुकोजला आधी यूटीपी, हाही एटीपीचा भाऊच, खर्चून यूडीपी-ग्लुकोज करायचं आणि मग माळेला जोडायचं, त्याला १९७० चं नोबेल मिळालं. परीक्षानळीत फॉस्फोरिलेज उलटं चालायचं कारण तिथे फॉस्फेट कमी ठेवलेलं असायचं, पेशीत ग्लुकोज-१-फॉस्फेटच्या मानाने सुटं फॉस्फेट खूपच जास्त असतं, त्यामुळे तिथे ते तोडतच राहतं. आणि कंट्रोल परत तसाच, एकच फॉस्फेटचा शिक्का फॉस्फोरिलेजला जागं करतो आणि बांधणाऱ्या सिंथेजला झोपवतो. प्रोटीनला फॉस्फेट लावून-काढून चालू-बंद करता येतं हे मुळात इथेच कळलं, फिशर आणि एडविन क्रेब्स यांना त्यासाठी १९९२ मध्ये नोबेल. सायट्रिक अॅसिड सायकलवाले, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात कार्बन जाळणाऱ्या चक्रावाले, हान्स क्रेब्स ते वेगळे, नाव एक म्हणून गल्लत करू नका.

बरं, तोडून बांधण्यातलं चारचं नुकसान कधीकधी शरीर मुद्दाम सोसतं. जोरात पळताना स्नायूला ऑक्सिजन पुरत नाही किंवा एटीपीची घाई असते, मग पायरुवेटचं लॅक्टेट होतं. हे एनर्जीसाठी होत नाही, लॅक्टेट करून एकही एटीपी मिळत नाही, त्यातून एनएडी, म्हणजे हायड्रोजन उतरवलेला एनएडीएच, मोकळा होतो आणि तो मोकळा नसेल तर ग्लायकोलिसिस सहाव्या पायरीवरच अडकेल. ते लॅक्टेट रक्तातून लिव्हरला जातं, लिव्हर सहा खर्चून त्याचं ग्लुकोज करून परत पाठवते. यालाच कोरी सायकल म्हणतात. तोटा आहे, पण तो लिव्हर भरते, आणि स्नायूला ज्या क्षणी गरज आहे त्या क्षणी दोन मिळतात. तोडणं एका अवयवात आणि बांधणं दुसऱ्या, म्हणजे एकाच पेशीत दोन्ही नाही, हा पण कंट्रोलच झाला. लॅक्टेट म्हणजे नुसती घाण, विष वगैरे जे ऐकायला मिळतं ते डोक्यातून काढा, हृदय ते आनंदाने जाळतं.

तांबड्या पेशींना तर मायटोकॉन्ड्रियाच नाही, त्यांचं आयुष्यभर हेच चालतं, ग्लुकोज घ्या आणि लॅक्टेट सोडा. लॅबवाल्यांना याचा रोजचा त्रास आहे, रक्त नळीत नुसतं ठेवलं तर पेशी आतलं ग्लुकोज खात बसतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के कमी होतं, आणि रिपोर्टात साखर खोटी कमी येते. म्हणून शुगरच्या नळीत फ्लोराइड असतं, ते इनोलेजला म्हणजे नवव्या पायरीला अडवतं. पण बघा, अडवलं नवव्या पायरीला, वरच्या पायऱ्या अजून चालूच, त्यामुळे पहिला तास-दीड तास ग्लुकोज कमी होतच राहतो. फ्लोराइडची नळी घेतली म्हणजे सॅम्पल निवांत पडू द्यावं असं नाही, लवकर सेंट्रिफ्यूज केलेलंच बरं. पहिलीच पायरी अडवली तर लगेच थांबतं. रस्त्याच्या कुठल्या टप्प्यावर अडवलं याला इतकं महत्त्व आहे.

वनस्पतींबद्दल थोडक्यात सांगतो, कारण साखर मुळात बांधतात त्याच. क्लोरोप्लास्टमध्ये कॅल्विन सायकलमध्ये एक सहा-कार्बनी साखर बांधायला १८ एटीपी आणि १२ एनएडीपीएच, म्हणजे एनएडीएचचे भाऊबंद, लागतात, आणि त्यातल्या कित्येक पायऱ्या ग्लायकोलिसिसच्याच नात्यातल्या आहेत, एफबीपेजसुद्धा तिथे आहे. मग रात्री काय? रात्री एटीपी येत नाही आणि बांधणं सुरू राहिलं तर तीच फुकटची जाळपोळ. तिथे उजेड हाच स्विच आहे, उजेडात थायोरेडॉक्सिन नावाचं छोटं प्रोटीन एफबीपेजसारख्या एन्झाइम्सचे गंधकाचे बंध सोडवून त्यांना जागं करतं, आणि साखर जाळणारं ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज त्याच हाताने बंद करतं. अंधारात उलट. दिवसा साठवलेला स्टार्च रात्री तोडला जातो, आणि अॅरॅबिडॉप्सिस या प्रयोगांत वापरतात त्या छोट्या रोपात तर असं दिसलंय की झाड तोडण्याचा वेग असा ठेवतं की स्टार्च पहाटेपर्यंत पुरेल, संपेल तो जवळपास उजाडताना. मला हे आजही चमत्कारिक वाटतं.

आता चरबीची साखर. माणसात आणि प्राण्यांत चरबीच्या नेहमीच्या फॅटी अॅसिड्सपासून निव्वळ ग्लुकोज होत नाही. चरबी तुटली की दोन-कार्बनी अॅसिटिल-कोए होतं आणि पायरुवेटपासून अॅसिटिल-कोए करणारी पायरी, पायरुवेट डीहायड्रोजनेज, एकतर्फीच आहे आणि तिला उलटा वळसाच नाही. अॅसिटिल-कोए सायट्रिक अॅसिड सायकलमधून नेलं तर दोन कार्बन आत आणि दोन कार्बन डायऑक्साइड बाहेर, शिल्लक शून्य. यात एक गंमत अशी की अॅसिटेटच्या कार्बनला लेबल, म्हणजे ओळखायची खूण, लावून दिलं तर ते लेबल ग्लुकोजमध्ये सापडतं! काही जण यावरून चरबीची साखर होते असं ठोकून देतात. लेबल येतं कारण आत आलेले नेमके तेच दोन कार्बन पहिल्या फेरीत बाहेर जात नाहीत, दुसरे जातात. कार्बनची अदलाबदल झाली, ग्लुकोज वाढला नाही.

पण म्हणून चरबीचा साखर बांधण्याशी संबंध नाही असं मुळीच नाही, आणि हे बहुतेक उत्तरांत राहून जातं. उपाशीपोटी लिव्हर जे सहा एटीपी दर ग्लुकोजमागे खर्च करते ते येतात चरबी जाळूनच. आणि त्या चरबीतून आलेलं अॅसिटिल-कोए पायरुवेट कार्बोक्सिलेजला चालू करतं आणि पायरुवेट डीहायड्रोजनेजला दाबतं. म्हणजे विटा येतात लॅक्टेट, अमिनो अॅसिड्स आणि चरबीच्या ग्लिसरॉलमधून, हो, ग्लिसरॉलची साखर होते, आणि मजुरी व हुकूम दोन्ही फॅटी अॅसिडचे. मेंदूला एकट्याला रोज साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतो आणि लिव्हरचं ग्लायकोजेन एका दिवसाच्या उपासात जवळपास संपतं, त्यामुळे हे मशीन सुरळीत चालणं फार गरजेचं. उपाशीपोटी भरपूर दारू प्यायल्यावर साखर अचानक का पडते तेही इथेच कळतं, अल्कोहोल जाळताना लिव्हरमध्ये एनएडीएच इतका साठतो की पायरुवेट लॅक्टेटकडे आणि ऑक्झॅलोअॅसिटेट मॅलेटकडे ढकललं जातं, बांधायला कच्चा मालच उरत नाही. अशा माणसाला लोक नुसतं प्यायलाय म्हणून झोपू देतात, ते जिवावर बेतू शकतं.

बी उगवताना मात्र चरबीची साखर होते. तेलबियांत आणि बऱ्याच बॅक्टेरियात ग्लायऑक्सिलेट सायकल आहे, दोन जादा एन्झाइम्स, आयसोसिट्रेट लायेज आणि मॅलेट सिंथेज, ज्यामुळे कार्बन डायऑक्साइड सुटणाऱ्या दोन्ही पायऱ्या चुकवल्या जातात. १९५७ मध्ये कॉर्नबर्ग आणि हान्स क्रेब्स यांनी ती दाखवली. आपल्याकडे ती दोन एन्झाइम्स नाहीत, एवढाच काय तो फरक.

राहिला एटीपीचा आकडा, म्हणजे ग्लुकोज पायरुवेटवर न थांबता कार्बन डायऑक्साइडपर्यंत पूर्ण जाळलं तर मिळणारा. जुन्या पुस्तकांत एका एनएडीएचला ३ आणि त्याच्यासारखाच हायड्रोजन वाहणाऱ्या एफएडीएच-टूला २ धरायचे, त्यावरून ३८ किंवा ३६ यायचे. पीटर मिशेल यांची १९६१ ची कल्पना, की पडद्याबाहेर फेकलेले प्रोटॉन परत आत येताना एटीपी बनतो, मान्य झाल्यावर पूर्णांकच यायला हवा ही अटच गेली. एका एनएडीएचमागे १० प्रोटॉन बाहेर फेकले जातात, एक एटीपी बनवून बाहेर पोचवायला साधारण ४ लागतात, म्हणून २.५, आणि एफएडीएच-टूला ६ भागिले ४ म्हणजे १.५. मग १० एनएडीएचचे २५, दोन एफएडीएच-टूचे ३, आणि थेट मिळालेले ४, झाले ३२. सायटोसोलमधल्या दोन एनएडीएचचा हायड्रोजन ग्लिसरॉल फॉस्फेट शटलने, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात नेणाऱ्या एका वाटेने, आत गेला तर त्यांना दीडचाच भाव मिळतो, मग ३०. मॅलेट-अॅस्पार्टेट शटल असेल तर ३२. आणि हे ४ सुद्धा गोल केलेलं आहे, आपल्यासारख्या प्राण्यांच्या एटीपी सिंथेजच्या चाकात ८ दाते असतात आणि एका फेरीला ३ एटीपी होतात, म्हणजे फिरवायला २.६७ आणि फॉस्फेट आत आणायला १, तर खरं म्हणजे ३.६७. यीस्टमध्ये दाते १०, तिथे भाव अजून वेगळा. त्यात पडद्यातून थोडे प्रोटॉन गळतात ते वेगळेच. त्यामुळे या आकड्यावर जे वाद होतात त्यात मला फारसा रस नाही, परीक्षेला तुमच्या पुस्तकात जो भाव धरलाय तो धरा, फक्त शटल कुठलं घेतलंय ते एका ओळीत लिहून टाका, मग ३० ला किंवा ३२ ला कोणी मार्क कापायचं कारण नाही.